५४ एकर आहे कोणाजवळ?

पाटणबोरीकर (धागा सुरू करणारा)

बाबांची पत्र्याची पेटी उघडली. तळाशी कापसाच्या चुकाऱ्याची पिवळी पावती होती आणि तिच्या घडीत एक लाल बिल्ला. शेतकरी संघटनेचा. टाचणी गंजून कागदाला चिकटली होती.

नव्या पोरांसाठी सांगतो. १९७२ पासून पुढे बरीच वर्षे महाराष्ट्रात कापूस सरकारी एकाधिकार योजनेतच विकावा लागे. चुकारा तुकड्यातुकड्यानं यायचा. पैनगंगेपल्याड आदिलाबादले भाव बरा, तोही नगदी. आमच्या गावचे लोक रात्री बंड्या जुंपत. बैलांच्या गळ्यातल्या घुंगरमाळा काढून पोत्यात कोंबत, आवाज होऊ नये म्हणून. स्वतःच्या वावरातला कापूस स्वतःच चोरून न्यायचा! बाबा हे हसत सांगायचे, आई मात्र कधी हसली नाही.

बिल्ला पाहून संघटनेच्या शरद जोशींनी १९९४ मध्ये काढलेल्या स्वतंत्र भारत पक्षाची कायद्यांची यादी पुन्हा डोक्यात आली. शेतजमिनीच्या कमाल धारणेचा कायदा (सिलिंग) काढा, आवश्यक वस्तू कायदा (मालाच्या साठ्यावर मर्यादा घालणारा) काढा, जमीन सक्तीनं घेणं थांबवा, असे कायदे कोर्टापासून वाचवणारं घटनेचं नववं परिशिष्ट हटवा, आणि बाजार नि बियाणं मोकळं करा. अमर हबीब यांचं किसानपुत्र आंदोलनही सिलिंग, आवश्यक वस्तू आणि अधिग्रहण याच तीन कायद्यांवर बोट ठेवतं. चिलगव्हाणच्या शेतकरी कुटुंबानं १९ मार्च १९८६ ला जीव दिला. त्या तारखेला दरवर्षी अन्नत्याग होतो, तोही त्यांचाच.

माझं मत : यादी बरोबर आहे, आणि सगळी बरोबर आहे. कर्जमाफी देतो, बोनस देतो म्हणणारे पक्ष ढिगानं आहेत. "आम्ही काही देत नाही, तुमच्या मानेवरचा कायदा तेवढा काढतो" असं म्हणणारा हा एकच. शहरातल्या जमिनीचं सिलिंग केंद्रानं १९९९ मध्ये काढलं, महाराष्ट्रानं २००७ मध्ये. वावराचं सिलिंग १९६१ पासून आहे, ते अजून कायम. बिल्डरनं कितीही प्लॉट घ्यावे, कास्तकारानं मात्र कोरडवाहू ५४ एकरांच्या वर जाऊ नये. हे कोणत्या तराजूत बसते ते कोणी समजावून सांगा.

विरोध असंल तर मोकळेपणानं लिहा. फक्त "निवडून किती येतात" हे नको.

----

ढेपेचं पोतं

निवडून किती येतात?

----

पाटणबोरीकर

२००४ मध्ये राजुऱ्यातून वामनराव चटप याच पक्षाचे आमदार झाले. झालं समाधान?

----

वर्ग दोनवाला

भाऊ, तुमच्या बाबांची बंडी खरी. आता माह्या आज्याचं ऐका.

आजा मालगुजाराच्या घरी सालदार होता. सिलिंगमधी मालगुजाराची जमीन निघाली, त्यातली पाच एकर आज्याले भेटली. बरडी होती, गोटे वेचता वेचता दोन पिढ्या गेल्या. आज त्या पाच एकरावर माही पऱ्हाटी उभी हाये. सातबाऱ्यावर लिहून हाये 'भोगवटादार वर्ग २'. मंजे इकता येत नाई, साहेबाची परवानगी पाह्यजे.

तुम्ही म्हंता सिलिंग मानेवरचा कायदा. तुमच्या मानेवर असन. आमच्या पायाखाली तो कायदाच हाये. तो नसता त म्या आज तुमच्या वावरात निंदाले आलो असतो.

अन् एक सांगा, तुमच्या गावात ५४ एकरवाले किती हायेत? आमच्या गावात एकबी नाई. जो मोठा होता त्याचीबी वाटणी होऊ होऊ आठ-आठ एकर झाली. मंग हा कायदा तुमाले टोचते कुठं?

----

पाटणबोरीकर

दादा, तुमच्या आज्याच्या जमिनीले कोणी हात लावावा असं मी म्हणत नाही. कायदा रद्द म्हणजे पुढं लागू नाही. वाटलेली जमीन वाटलेलीच राहणार. उलट मी म्हणतो, वर्ग दोनचा शिक्का काढून तुम्हाले पक्का मालक करा. गोटे तुम्ही वेचले आणि परवानगी साहेबाची, हेही बंधनच आहे.

५४ एकरवाला गावात नाही हे खरं. पण उद्या दहा भाऊबंदांनी मिळून कंपनी काढली, जमीन एका नावावर केली, त्यात कोणी भांडवल घातलं, तर वाट अडवते कोण? हाच कायदा. शेतीत पैसा का येत नाही याचं एक उत्तर इथं आहे.

----

वर्ग दोनवाला

पक्का मालक करान, मंग पह्यल्याच दुष्काळात मी इकन. मले माहीत हाये ना मी कसा हाओ ते. पोरीचं लग्न आलं का मी काय गोटे इकू? त्या शिक्क्यापायी तं जमीन वाचली, भाऊ. माह्या चुलतभावाजवळ बापाची वर्ग एकची होती, ती आता लेआउट झाली.

अन् ते भांडवलवालं. पैसेवाला येईन, भाऊबंदाची कंपनी करन, पाच सालानं भाऊबंद कुठी अन् कंपनी कुठी.

----

काळा कोट

धागाकर्त्याचा जिव्हाळा समजतो. बिल्ला आमच्याही घरी होता. पण यादी कोर्टात उभी करायची झाली तर तिच्यात भोकं आहेत.

नवव्या परिशिष्टाचं आधी. १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीत ते आलं. तेव्हा १३ कायदे होते, आज २८४ आहेत, बहुतेक जमिनीचे. "त्यातल्या कायद्याविरुद्ध कोर्टात जाताच येत नाही" हे भाषणात अजून ऐकू येतं, पण ते जुनं झालं. जानेवारी २००७ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी कोएलो प्रकरणात सांगितलं की २४ एप्रिल १९७३ नंतर त्यात घातलेला कायदा घटनेच्या मूळ चौकटीवर तपासता येतो. आवश्यक वस्तू कायदा १९५५ चा असला तरी परिशिष्टात गेला १९७६ मध्ये. म्हणजे दार पूर्ण बंद नाही. महाराष्ट्राचं मूळ सिलिंग १९६४ मध्ये आत गेलं, ते या तपासणीतून सुटतं. पण ते काढायला परिशिष्टाला हात लावायची गरजच काय? जमीन राज्याचा विषय. मुंबईत किंवा नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात साधं रद्द करण्याचं विधेयक आणलं की झालं. घटना, परिशिष्ट, दिल्ली हे सगळं वक्त्याला उंची देतं, कास्तकाराला काही देत नाही.

आता खरा मुद्दा. तुमचा भाव कोण पाडतो? कापूस घ्या. केंद्रानं १९ ऑगस्ट २०२५ पासून कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क उठवलं. आधी सप्टेंबरअखेरपर्यंत, मग डिसेंबरअखेरपर्यंत. म्हणजे आपला नवा कापूस बाजारात येण्याचे नेमके दिवस. हे कोणत्या कायद्यानं केलं? सीमाशुल्काच्या, १९६२ च्या. आवश्यक वस्तू कायदा उद्या सकाळी रद्द झाला तरी ही अधिसूचना तशीच निघेल. बिनशुल्क तूर येते ती विदेश व्यापाराच्या १९९२ च्या कायद्याखाली आणि याच सीमाशुल्काखाली. हे दोन्ही तुमच्या यादीत नाहीत.

यादीत चोराचा चुलता आहे, चोर नाही.

----

ढेपेचं पोतं

वकीलसाहेब फी न घेता एवढं बोलले, यातच धागा पावला.

----

पाटणबोरीकर

वकीलसाहेब, परिशिष्टाचं मान्य. ते मला माहीत नव्हतं, आणि भाषणात कोणी सांगतही नाही.

पण चुलता निर्दोष कसा? २०२१ चं सोयाबीन आठवा. ऑगस्टमध्ये दहा हजारांच्या आसपास. आमच्या घरी चार पोती उरली होती, ती विकून बायकोनं शिलाई मशीन घेतली, म्हणून पक्कं आठवते. त्या हंगामात काय काय झालं पाहा. ऑगस्टमध्ये १२ लाख टन सोयाबीन ढेप आयात करायले मोकळीक. ८ ऑक्टोबरले तेलबियांवर साठ्याची मर्यादा. २० डिसेंबरले वायदेबाजार बंद. नवा माल घरी आला तेव्हा भाव अर्ध्यावर. मधली साठ्याची मर्यादा आवश्यक वस्तू कायद्याचीच ना?

----

काळा कोट

मधली तीच. आणि भाव तिच्या आधीच उतरला होता. तारखा तुम्हीच दिल्यात.

----

अडत दुकान

दोघंही बाहेरून बोलता, मी रोज लिलावात उभा असतो.

२ जून २०२३ ला तूर आणि उडदावर मर्यादा आली. ठोक व्यापाऱ्याला २०० टन, किरकोळला ५ टन. सप्टेंबरमध्ये ठोकवाल्याचे ५० टन केले. शिवाय पोर्टलवर साठा भरत बसायचा. माझा पोरगा दुकान सोडून लॅपटॉपपुढं बसायचा. मी बोली लावतो ती पुढे डाळमिल घेईल या भरवशावर. मिलवाला फोनवर म्हणते, "शेठ, माझं गोदाम मोजून राहिले, सध्या थांबा." मी थांबलो की ढिगावर माणसं कमी. सात जण बोलायचे तिथं तीन. मग ओलावा काढतो, माती काढतो, कडता वाढवतो. तुम्ही मला शिव्या देता, द्या. पण मोकळा हात दिला तर मी जास्त बोलतो, हे साधं गणित आहे.

राहिला प्रश्न राजकारणाचा. २०२० मध्ये केंद्रानं हेच केलं होतं. साठ्याची मर्यादा कधी लावायची? नासाडी न होणाऱ्या मालाचा भाव ५० टक्के चढला तर, भाजीपाला-फळांचा दुप्पट झाला तर. एरवी नाही. शेतकरी संघटनेचे अनिल घनवट सुप्रीम कोर्टाच्या समितीवर होते, त्यांनी बाजू घेतली. नोव्हेंबर २०२१ मध्ये तिन्ही कृषी कायदे चर्चेविना मागे. तेव्हा विदर्भातला कास्तकार कुठं होता? दिल्लीच्या सीमेवर पंजाब बसला होता, आपण पराटी वेचत होतो. ना बाजूनं, ना विरोधात.

----

रोजंदार

शेठजी, जूनमध्ये तूर कोणाजवळ होती? कास्तकाराची तं फेब्रुवारी-मार्चमधीच तुमच्या काट्यावर गेली. मर्यादा लागली ती तुमच्या गोदामाले अन् नाव सांगता कास्तकाराचं.

अन् मर्यादा लागूनबी तूर दहा हजाराच्या वर गेलीच होती की. खाली आली २०२५ च्या सुरवातीले. नवा माल अन् बाहेरचा माल एकदमच आला तेव्हा. वकीलसाहेब म्हंतात तेच.

मी वावर नसलेला माणूस. तुम्ही सगळे इकणारे बोलून राहिले, मी घेणारा बोलतो. मर्यादा लागली त्या साली तुरीची डाळ दीडशेच्या वर गेली. बायको म्हणे डाळ पातळ करतो. पातळ करता करता नुसतं फोडणीचं पाणी झालं. रेशनवर गहू-तांदूळ भेटते, डाळ कुठी भेटते? माह्यासारख्यासाठी सरकारजवळ एखादं हत्यार असू द्या. तेबी तुमाले रद्द करायचं.

----

पाटणबोरीकर

दादा, तुमचा मुद्दा मनाले लागला. पण ते हत्यार चालते कोणावर? डाळ स्वस्त ठेवायची तर सरकारनं बाजारभावानं घ्यावी आणि रेशनवर तोटा सोसून द्यावी. तुमच्या ताटाचा खर्च माझ्या वावरातूनच काढायचा, हे साठ वर्षे चाललं आहे. तुमच्या रोजीचं काय होते? मला तुरीत दोन पैसे उरले तर निंदणाचे तीनशेचे साडेतीनशे देतो. नाही उरले तर तणनाशक मारतो आणि तुम्ही घरी.

----

रोजंदार

उरले तरी तणनाशकच मारता. मी पाह्यलं हाये.

----

सातबाऱ्यावरची सून

दादा लोकांनो, तुम्ही सगळे कास्तकार कास्तकार करून राहिले. त्यात बाई कुठं आहे?

सासरे कट्टर बिल्लेवाले. लक्ष्मीमुक्तीची, म्हणजे बायकोच्या नावावर जमीन करा अशी, संघटनेची हाक आली तेव्हा त्यांनी सासूबाईच्या नावानं पावणेदोन एकर केलं. गावात हसले लोक. त्या पावणेदोन एकरावर पुढं सासूबाईंनी स्वतःच्या अंगठ्यानं कर्ज काढलं आणि फेडलं. कोणत्याही सरकारी कायद्यानं आमच्या घरात एवढं केलं नाही. म्हणून या मंडळींबद्दल मनात माया आहे, आधीच सांगते.

पण ९ मार्च २०१० ला राज्यसभेत महिला आरक्षणाचं विधेयक १८६ विरुद्ध १ असं पास झालं, तो एक म्हणजे शरद जोशी. मी तेव्हा नवीन लग्न होऊन आले होते. टीव्हीवर पाहून सासूबाई सासऱ्यांना म्हणाल्या, "तुमच्या साहेबांनी असं काहून केलं?" सासरे उठून गोठ्यात गेले.

त्यांचं म्हणणं होतं की राखीव मतदारसंघ फिरता ठेवला तर बाई एकदा निवडून येईल आणि पुढच्या वेळी तिच्या कामाला काही अर्थ राहणार नाही. मला ते बहाणा वाटायचं. मग मी स्वतः राखीव जागेवरून सरपंच झाले. शाळेची संरक्षक भिंत बांधली, नळाच्या थकबाकीसाठी दारोदार फिरले, शिव्या खाल्ल्या. पाच वर्षांनी आरक्षण सुटलं, जागा खुली. घरात कोणी मला विचारलंही नाही, यांनीच फॉर्म आणला. तेव्हा त्या एका मतात थोडं तथ्य होतं हे कळलं.

तरी मी असते तर बाजूनंच मत दिलं असतं. आरक्षण नसतं तर ती पाच वर्षेही नसती.

आता यादीवर. तुमच्या यादीत फक्त काढायचे कायदे आहेत. बायकोचं नाव सातबाऱ्यावर आपोआप चढावं, असा एखादा करायचा कायदा का नाही? लक्ष्मीमुक्ती नवऱ्याच्या मर्जीवर होती. माझे सासरे चांगले होते म्हणून झालं. माझ्या आईच्या बाबतीत नाही झालं. बाबा गेल्यावर फेरफारासाठी तिनं एका कार्यालयात अकरा चकरा मारल्या, दर वेळी एक कागद कमी. वावर ती करते, आणि विमा भरायला भावाच्या सहीची वाट पाहते.

----

पाटणबोरीकर

ताई, याला माझ्याजवळ उत्तर नाही. आमच्या घरीही चारही सातबारे माझ्याच नावाचे आहेत. बायकोनं हा धागा वाचला तर संध्याकाळी विषय निघणार आहे.

----

ढेपेचं पोतं

निघाला का विषय?

----

पाटणबोरीकर

निघाला. शिलाई मशीनसुद्धा माझ्याच नावाच्या बिलावर आहे असं निघालं.

----

पांढरं बोंड

बियाण्याचं कोणीच बोललं नाही. १० जून २०१९ ला अकोट तालुक्यात अकोली जहागीरले शेतकरी संघटनेनं उघड उघड तणरोधक बीटी (तणनाशक मारलं तरी न मरणारं, बंदी असलेलं कापसाचं बियाणं) पेरलं. पोलीस केस होते माहीत असून. मी पाह्यला गेलो होतो. आज आमच्या भागात ते बियाणं किती लोक लावतात हे सगळ्यांना माहीत आहे. फक्त बिल भेटत नाही. उगवलं नाही तर तक्रार कोणाजवळ करान? बंदीनं बियाणं नाही थांबलं, बिल तेवढं थांबलं. या एका कलमावर मी पक्षासोबत आहे, बाकीवर वकीलसाहेबांसोबत.

----

मक्तेवाला

सगळं वाचलं. आता माह्यं.

नऊ एकर करतो, त्यातलं माह्यं दीड. साडेसात मक्त्यानं. मालक यवतमाळले राह्यतात, मास्तर होते, मानूस देवासारखा. पण कागद करून द्या म्हटलं का चेहरा पडते. "कागद केला तं कूळ लागन." विदर्भाचा कुळकायदा १९५८ चा. त्यांच्या बापानं त्या कायद्यात वावर गेलेलं पाह्यलं, म्हणून भेव पोटात बसलं. मंग तोंडी. दर साली पाडव्याले ठरते.

कागद नाई मंजे काय? पीककर्ज नाई. इमा काढाचा त मालकाच्या नावानं. मागल्या अतिवृष्टीत तूर सडली माही, मदत आली मालकाच्या खात्यात. त्यानं अर्धी देल्ली, देव मानूस म्हणून. दुसरा मालक असता तं दिसलीबी नसती. खरेदी केंद्रावर नाव लावाचं त सातबारा मालकाचा.

तुम्ही ५४ एकरासाठी भांडून राहिले जे कोणाजवळ नाई. अन् गावोगाव मक्त्याची जमीन हाये, तिचं कोणी नाव घेत नाई. मालकाले मालकी जाची नाई अन् करणाऱ्याले कागद भेटन, असा कायदा कराना. सिलिंग राहू द्या नाई त जाऊ द्या, मले काई फरक पडत नाई.

----

काळा कोट

नीती आयोगानं २०१६ मध्ये राज्यांसाठी नेमका असा नमुना कायदा तयार केला आहे. मालकी धक्क्याला लागत नाही, करार ठरलेल्या मुदतीचा, आणि करणाऱ्याला कर्ज-विम्याचा हक्क. शिवाय हे स्वतंत्र भारतवाल्यांच्या विचाराच्या विरोधातही नाही. दोघांनी राजीखुशीनं करार करावा आणि सरकारनं मध्ये पडू नये, हेच तर ते सांगतात. मग कुळकायद्यातलं हे भेव काढा, ही मागणी यादीत पहिल्या नंबरावर का नाही, हा माझा धागाकर्त्याला प्रश्न.

----

पाटणबोरीकर

मलाही तोच पडला आहे. कदाचित सिलिंग म्हटलं की मालगुजाराचा पोरगाही टाळ्या वाजवते आणि चार एकरवालाही. मक्त्याचं काढलं तर गावातच दोन बाजू पडतात.

माझ्यापुरती यादी बदलतो. मक्त्याचा कायदा वर. सिलिंग खाली, पण काढत नाही, कारण शहराला एक आणि खेड्याला दुसरा न्याय हे मला अजूनही पचत नाही. आवश्यक वस्तूवर मी हटत नाही, वकीलसाहेब. चुलता सही, घरातलाच आहे. मात्र त्याच्या शेजारी तुमचे ते दोन आयातीचे कायदे लिहून घेतो.

----

वर्ग दोनवाला

सिलिंग खाली ठेवलं ना? मंग च्या पाजतो. पांढरकवड्याले आले का सांगा.

----

मक्तेवाला

यादी बदलली हे बेस झालं, भाऊ. पण पाडवा तोंडावर आला. मास्तरांचा फोन आलता, औंदा एकरी हजार वाढवा म्हंतात. तोवर होईन का तुमचा कायदा?

----

पाटणबोरीकर

नाही होत.

----

मक्तेवाला

मंग हजार देऊन टाकतो.